माहेरची कट्यार

आमच्या घरात तेलाच्या दोन बाटल्या असत. एक स्वयंपाकघरात, करडईच्या तेलाची. दुसरी बाहेरच्या खोलीत देवाच्या फळीवर, शिवणयंत्राच्या तेलाची. घरात शिवणयंत्र नव्हतं. ते तेल बाबांच्या हत्यारांचं होतं, आणि देवाच्या फळीवरच्या वस्तूला हात लावायला कुणी धजणार नाही म्हणून त्यांनी ते गणपतीच्या मागे ठेवलेलं होतं. आई उदबत्ती लावताना नाक मुरडायची. "देवाला बी आता मशिनीचा वास यायलाय," म्हणायची. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करत. मलकपेठेतलं ते घर दोन खोल्यांचं, पुढे अरुंद ओसरी, आणि रेसचं मैदान इतकं जवळ की सकाळी घोडे फिरवायला काढले की टापांनी जाग यायची. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंतींवर तलवारी, पट्टे, गुप्त्या आणि एक गेंड्याच्या कातड्याची ढाल; चौथ्या भिंतीला दार. आलेल्या पाहुण्याला पाठ टेकायला जागा नसे. तो बिचारा खोलीच्या मधोमध ताठ बसून चहा प्यायचा आणि लवकर उठायचा.

बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते, पण ते त्यांना कुणी विचारलं तरच आठवत असावं. त्यांचा खरा वार गुरुवार. त्या दिवशी अर्धी रजा टाकून जुन्या वस्तूंच्या जुमेरात बाजारात जायचे आणि संध्याकाळी काखेत वर्तमानपत्राची लांबलचक गुंडाळी घेऊन यायचे. मग पुढचे चार दिवस घरात गंज खरवडल्याचा आवाज. तो आवाज आजही माझ्या दातांना आठवतो. घराला नियम होते. त्या खोलीत चिंच, लिंबू, लोणचं न्यायचं नाही, कारण आंबट लोखंडाला खातं. म्हणून खट्टी दाळ, भाकरी आणि तिळाची चटणी आम्ही स्वयंपाकघरात चुलीच्या धगीला बसून खायचो, उन्हाळ्यातसुद्धा. पात्याला उघडं बोट लावायचं नाही. घामाचा ठसा उमटतो आणि दोन दिवसांत तो तांबूस होतो. बाबा ठसा बघून सांगत की हे नलूचं बोट. त्या बोटापायी मी दोनदा कानफटीत खाल्लेली आहे.

नलू म्हणजे मी. इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, होते आणि एका जागी मला बसवत नसे. उभ्यानं जेवायचे, चालत चालत पाठ करायचे, रात्री अंथरुणात पाय हलवत राहायचे. आई म्हणायची, हिच्या तळव्यांना भिंगरी लावून पाठवलंय देवानं. मला काय हवं होतं ते मला सांगता आलं नसतं. पण ते आमच्या गल्लीत नव्हतं एवढं नक्की. आणि त्या वर्षी या सगळ्या तगमगीला एक नाव मिळालं होतं: शिल्ड.

जुन्या हत्यारांच्या शौकीन लोकांचं एक मंडळ होतं. ते वर्षातून एकदा एका शाळेच्या हॉलात प्रदर्शन भरवायचं. प्रत्येकाला एक टेबल. टेबलावर मखमल अंथरायची, हत्यारं मांडायची, प्रत्येकापुढे हस्ताक्षरातलं एक कार्ड ठेवायचं, इंग्रजीत. परीक्षक प्रत्येक टेबलापाशी थांबायचे, पांढऱ्या रुमालात धरून हत्यार उचलायचे, कार्ड वाचायचे, प्रश्न विचारायचे. सफाईला गुण, मांडणीला गुण, माहितीला गुण. ज्याचं टेबल सरस त्याला लाकडावर पितळेची पाटी बसवलेलं शिल्ड. मोठी माणसं त्यासाठी शाळकरी पोरांसारखी रुसत. एकाने दुसऱ्याच्या मखमलीवर मुद्दाम चहा सांडला, असंही मी ऐकलेलं आहे. बाबा महिनाभर आधीपासून पलंगावर चादर टाकून मांडणीचा सराव करायचे, मी सुतळीने दोन पात्यांमधलं अंतर मोजायचे आणि आई रात्री झोपायचं कुठे म्हणून विचारायची. कार्डं माझ्याकडे असत, कारण माझं अक्षर बरं होतं. तीन वर्षं आम्ही तिघांनी इतका जीव काढला आणि तीनही वर्षं हात हलवत परत आलो.

तिसऱ्या वर्षी परीक्षकांनी कारणही सांगितलं. हे परीक्षक म्हणजे जुन्या शहरातले एक वयस्क गृहस्थ, सगळे त्यांना काझीसाहेब म्हणत. बोलणं मऊ, पण बोललेलं मनाला चिकटून राही. आमच्या टेबलावरून नजर फिरवून ते म्हणाले, "चीजां उम्दा हैं, मेहनत दिखती है. मगर सब बाजार का है मियां. घर का क्या है?" बाबांनी हसून मान डोलावली. पण घरी आल्यावर त्यांनी त्या दिवशी हत्यारांना तेलसुद्धा लावलं नाही. आमचं मूळ घराणं शेतकऱ्यांचं, नांदेडकडचं. विळे आणि कुऱ्हाडी सोडून आमच्या पूर्वजांनी दुसरं काही उचलल्याचा पुरावा नव्हता. बाबांना ते लागलं होतं. खरं सांगायचं तर मलाही लागलं होतं.

घरात एकच वस्तू बाजारातली नव्हती: एक कट्यार. ती भिंतीवर नव्हती. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूखाली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली असायची. आई आजोबांची एकुलती एक. तिला भाऊ नव्हता. लग्नात भांडीकुंडी, कपडे देऊन झाल्यावर आजोबांनी ती कट्यार तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले की मुलगा असता तर त्याला दिली असती, तू आहेस तर तू घे. ही गोष्ट आई वर्षातून एकदाच सांगायची, खंडेनवमीला, आणि दर वर्षी "तू घे" या शब्दांपाशी तिचा आवाज जरा वर चढायचा. त्या दिवशी ती कट्यार पाटावर ठेवून तिला हळदकुंकवाची ओली बोटं लावायची. बाबा तळमळायचे. "अगं, ओलं कुंकू लावू नको, पातं खराब होतं." आई म्हणायची, "तुमच्या बाजारच्या पात्यांना नका लावू. ही माझी हाय." एवढ्या वर्षांच्या बोटांनी मुठीजवळ पात्यावर गोल, काळपट डाग पडले होते. बाबांनी एकदा ते चोरून घासून पाहिले. लोखंड इतकं खोल खाल्लं गेलं होतं की डाग हलले नाहीत.

चौथ्या वर्षी बाबांनी ती कट्यार मागितली. आईने चकलीच्या पिठातले हात आधी पुसले. मग म्हणाली, "न्या की. माझ्या बापाचं नाव तेवढं लिवा." बाबा म्हणाले, "अगं, लिहू ना." ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं असं मला आजही वाटतं. पण दुसऱ्या दिवशी पलंगावर मांडणी करता करता त्यांच्या मनाने कोलांटी घेतली. परीक्षक विचारणार घरचं काय, म्हणजे प्रदर्शकाच्या घरचं. सासऱ्याची वस्तू घरची कशी म्हणायची? लोक हसतील की याला हुंड्यात कट्यार मिळाली. आणि मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लग्न झालं म्हणजे तिचं ते माझंच ना गं?" मी पेन उघडून बसले होते. शाई वाळत होती. मी हो म्हटलं.

त्यांनी सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. प्रदर्शकाच्या घराण्यातील कट्यार. प्रदर्शकाच्या पणजोबांनी लढाईत वापरलेली. इथे बाबा थांबले, कट्यार उजेडाला धरली, आणि त्या काळ्या डागांकडे पाहता पाहता त्यांचे डोळे चमकले. "लिही," म्हणाले, "पात्यावरील रक्ताचे डाग तसेच राखले आहेत." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते आत्ता, या क्षणी खरंच रक्त दिसत होतं. हत्यारं जमवणाऱ्या माणसांना हा रोग असतो. गंजाच्या प्रत्येक ठिपक्यात त्यांना लढाई दिसते. आणि मी? मला ठाऊक होतं ती कुणाची बोटं आहेत. पण मला शिल्ड हवं होतं. मी वळणदार अक्षरात लिहिलं आणि शेवटी टिंब दिलं.

आईला इंग्रजी येत नव्हतं, मराठीही अक्षर अक्षर लावून वाचायची. संध्याकाळी ती पीठ मळत होती, कार्डं वाळायला ठेवलेली होती, त्यातलं बरोबर तेच कार्ड तिने कोपराने दाखवलं. "हे माझ्या कट्यारीचं ना? काय लिवलंस?"

"तुझ्या वडिलांची कट्यार म्हणून लिहिलंय."

"नाव?"

"नाव पण."

पीठ मळण्याचा तिचा वेग वाढला. आणि जेवताना तिने जाहीर केलं की यंदा मी पण येते तुमच्या त्या नुमाइशीला, एवढी वर्षं झाली, बघावं तरी. बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. नको म्हणायला दोघांकडेही कारण नव्हतं.

हल्ली मी कुकटपल्लीत मुलाकडे असते, नवव्या मजल्यावर. माझी सून पुण्याची, तिला हे सगळं फार गमतीचं वाटतं. ती मला विचारते, आई, तुम्ही त्याच वेळी कार्ड बदललं का नाही? रात्र होती, कोरी कार्डं होती. मी तिला म्हणते, बाळ, तू कधी काही जिंकायला निघाली नाहीस वाटतं. ती हसते. मला हसू येत नाही, कारण तो प्रश्न मीही स्वतःला विचारून झालेला आहे आणि उत्तर एवढंच आहे की मला बदलायचं नव्हतं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी चार वाजता उठून बसले. आई माझ्याही आधी उठलेली. तिने खड्या मसाल्याचा बगारा भात आणि सुकं बेसन केलं, डबा बांधला, आणि अंजिरी रंगाची, ठेवणीतली साडी नेसली. केसांत अबोली माळली. बाबा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते, तीन वेळा सांगून झालं होतं की तिथे फार कंटाळा येतो, गर्दी असते, उकडतं. दोन रिक्षांत आम्ही निघालो: एकीत बाबा आणि गुंडाळ्या, दुसरीत आम्ही मायलेकी. कट्यार आईच्या मांडीवर. सगळ्या वाटेत ती मला विचारत होती, किती माणसं येतात, परीक्षक कोण, त्यांना आदाब करायचा का नमस्कार. मी एकदा या दांडीला धरत होते, एकदा त्या. उडी मारून पळून जावं असं वाटत होतं.

हॉलात पंखे होते पण वारा नव्हता. पन्नास माणसांच्या सुगंधी तेलांचा, मखमलीचा आणि लोखंडाचा वास कोंडला होता. आमच्या शेजारच्या टेबलावर बेगमबाजारातल्या एका शेठजींनी चांदीच्या घोड्या करून त्यावर तलवारी ठेवल्या होत्या. गेली दोन वर्षं शिल्ड त्यांचं होतं. बाबांनी मांडायला सुरुवात केली, मी सुतळी धरली. कट्यार मधोमध. तिच्यापुढे कार्ड. आईने आपल्या पदराने कार्डावर नसलेली धूळ पुसली आणि एका बाजूला उभी राहिली, हात जोडल्यासारखे पोटावर धरून. येणारे जाणारे कार्ड वाचत, वाकून डाग बघत, "वा" म्हणत. प्रत्येक "वा"ला आईची मान किंचित हलायची. मी टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. बाबांनी दोनदा खेकसून मला उभं केलं.

काझीसाहेब आले. सोबत मंडळाचे दोघं, एकाच्या हातात वही. त्यांनी सावकाश सगळं पाहिलं, एका पट्ट्याचं पातं उजेडात फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. मग कट्यारीपाशी आले. कार्ड उचललं, चष्मा वर केला, वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उर्दूत सांगितलं, कदाचित त्यांच्या वहीवाल्यासाठी. "यह खंजर साहब के परदादा का है. जंग में चला है. खून के दाग अब तक बाकी हैं." आणि रुमालात कट्यार उचलून त्यांनी डाग निरखले. "कौन सी जंग में, जनाब?"

बाबांनी घसा साफ केला. पण त्यांच्याआधी आई बोलली. तिला उर्दू अर्धंमुर्धं कळायचं. तिला वाटलं साहेबांची वाचण्यात काहीतरी गफलत झाली. ती हसतच पुढे आली.

"खून कायका जी? कुंकू है वो. हर साल मैं लगाती ना, दसरे के टाइम. मेरे उंगल्यां के दाग हैं." आणि तिने खरंच उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "परदादा के नै. मेरे बाप की है. लिख्या है ना उसपे, नाव है उनका."

शेजारी शेठजी हसले. मग मागे कुणीतरी. हसू टेबलावरून टेबलावर गेलं. बाबांचा चेहरा मी तोवर कधी तसा पाहिला नव्हता. ते आईकडे नाही, लोकांकडे बघत होते. "इनो भोली हैं साब," ते म्हणाले. "गांव की हैं. इनकू नै मालूम."

आईचं बोट तसंच पुढे राहिलं होतं.

काझीसाहेबांनी कट्यार खाली ठेवली. कुणाला शरमिंदा करायला त्यांना आवडत नसावं. ते माझ्याकडे वळले. "बेटी, ये कार्ड आप लिखे?"

"जी."

"जो लिखा है वो सही है?"

मी या जागी किती वर्षं उभी आहे कुणास ठाऊक. पंखा फिरत होता. आई माझ्याकडे बघत होती, काळजीने नाही, निश्चिंतपणे. कारण माझ्याच तोंडून तिने ऐकलं होतं की कार्डावर काय आहे. आता ही पोर सांगेल आणि सगळं मिटेल, असं तिच्या तोंडावर होतं. आणि माझ्या मनात, मी खोटं लिहिणार नाही, एकच गोष्ट होती: आत्ता खरं बोलले तर आमचं टेबल बाद होणार.

"जी, सही है," मी म्हणाले.

"बच्ची की बात पे भरोसा करता हूं," काझीसाहेब म्हणाले आणि वहीवाल्याने लिहून घेतलं.

दुपारी शिल्ड आम्हाला मिळालं. बाबांना माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घ्यायचा होता. रिवाज असा होता की जिंकलेलं टेबल हॉल बंद होईपर्यंत तसंच ठेवायचं, लोकांना बघायला. आई इतका वेळ भिंतीपाशी लाकडी बाकावर बसलेली, मांडीवर न उघडलेला डबा. फोटोवाल्याने आम्हाला टेबलामागे उभं केलं तशी ती उठली. शांतपणे आली, मखमलीवरून कट्यार उचलली, उघड्या हाताने, पात्याला धरून. पदरात गुंडाळली. मग कार्डही उचललं. वहीवाला "अम्मा, अम्मा" करत पुढे आला, काझीसाहेबांनी त्याला हाताने थांबवलं. आई बाहेर पडली. फोटोत बाबा आहेत, मी आहे, शिल्ड आहे, आणि मधे मखमलीवर एक रिकामी जागा आहे.

मी धावत घरी आले. रिक्षा मिळाली नाही, तर अर्धी वाट पळतच. आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, डबा उघडून, दोन ताटं वाढलेली. एक तिचं, एक माझं. मी दारात उभी राहिले. रडायला येत होतं पण मला रडायचाही धीर होईना. ती रागावली असती, मारलं असतं, तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जेव." मी बसले. बगारा भात थंड, मोकळा, त्यातला पुदिना काळा पडलेला. आम्ही दोघींनी तो खाल्ला. तिने ताट सारलं, हात धुतले, पुसले, आणि पदरातून ते कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं.

"वाच."

मी वाचलं. इंग्रजी आधी, मग त्याचा मराठीत अर्थ. या वेळी जे होतं ते. प्रदर्शकाच्या घराण्यातील. पणजोबांनी. लढाईत. रक्ताचे डाग. ती ऐकत होती, माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या बोटाकडे बघत होती, ते कुठल्या शब्दावर आहे ते.

"माझ्या बापाचं नाव कुठं हाय?"

"नाही."

बाहेर रेसच्या मैदानाकडून कसला तरी आरडाओरडा ऐकू येत होता, कुणाचा तरी घोडा पुढे गेला असेल. बाबा अजून आले नव्हते. मी म्हणाले, "आई, मी दुसरं लिहून देते. आत्ता लिहिते. तू सांगशील तसं."

"नगं," ती म्हणाली. "तू लिवणार, तूच वाचून दावणार. मला काय कळणार त्यात?" तिने चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि फरशी ओल्या हाताने पुसून घेतली. "यापुढं मला कुणी वाचून दावायचं नाही. मला शिकव."

मी कोळसा घेतला आणि फरशीवर ए काढला.

"हे काय?"

"ए. पहिलं अक्षर."

"ते राहू दे," आई म्हणाली आणि कार्ड पुढे सरकवलं. "ह्याच्यातलं पहिलं कुठलं?"

मी पाहिलं. फॅमिलीतलं एफ होतं. आम्ही तिथून सुरुवात केली.